थकवा की लकवा? स्त्रियांमधील पक्षाघाताच्या खुणा वेळीच ओळखा

मागील आठवड्यात या सदरात आपण रक्तदाबाची माहिती घेतली. ती वाचून मूल तालुक्यातील एका वाचक भगिनीने विचारले आहे, "डॉक्टरसाहेब, लकवा तर दारू-विडी पिणाऱ्या पुरुषांना होतो. आम्हा बायांना त्याची काय भीती?" प्रश्न साधा आहे, पण अनेकांच्या मनात तोच गैरसमज असतो. म्हणून आज याच विषयावर सविस्तर लिहीत आहे.

आधी आपल्याच भागातील माहिती पाहू. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांत प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. या गावांची लोकसंख्या ९४ हजारांवर होती. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते मृताच्या घरी जात, शेवटच्या आजारात काय काय झाले ते नातेवाइकांना विचारत आणि त्यावरून मृत्यूचे कारण ठरवले जाई. दोन वर्षांत १,५९९ मृत्यू झाले. त्यांपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्याने झाले होते. दर सात मृत्यूंमागे एक! मलेरिया, क्षयरोग, सर्पदंश या आपल्या ओळखीच्या शत्रूंना मागे टाकून लकवा पहिल्या क्रमांकावर होता. मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कळकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. लकव्याने मेलेल्यांत स्त्रिया किती होत्या? शंभरात ४८. म्हणजे जवळजवळ निम्म्या. आणखी एक आकडा मनाला लागतो. या रुग्णांपैकी शंभरात ८७ जण घरीच वारले.

माझ्या हातून झालेली चूक

पंचवीस वर्षांहून अधिक काळ झाला असेल. मी नवा नवा दवाखाना टाकला होता. रोवणीचे दिवस होते. संध्याकाळी एक बाई नवऱ्याबरोबर आली. वय पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी बांधीत रोवणी करताना तिच्या उजव्या हातातून पऱ्ह्यांची जुडी गळून पडली. सोबतच्या बायांनी काय झाले विचारले तर तिला शब्दच फुटेना. अर्ध्या तासाने हात चालू लागला, बोलणेही पूर्ववत झाले. तिने दिवसभर रोवणी केली, घरी जाऊन स्वयंपाक केला आणि मग माझ्याकडे आली. मी विचारले तर म्हणाली, "काही नाही जी, थकवा असन."

रक्तदाब बराच वाढलेला होता. हातपाय तपासले तर सर्व ठीक. मीही मान डोलावली. रक्तदाबाची गोळी लिहून दिली, ताकदीचे इंजेक्शन दिले आणि आठ दिवसांनी दाखवायला सांगितले. चौथ्या दिवशी तिला ट्रॅक्टरवर टाकून आणले. उजवी बाजू पूर्ण गेली होती, वाचा गेली होती. ती पुढे नऊ वर्षे जगली. सगळे तिला समजत असे, पण मुलांना नावाने हाक मारणे तिला पुन्हा कधी जमले नाही.

त्या दिवशी सकाळी बांधीत तिला आला तो थकवा नव्हता, तो लकव्याचा इशारा होता. तिला तो कळला नाही, तिच्या नवऱ्याला कळला नाही, आणि ज्याला कळायला हवा होता त्या डॉक्टरलाही कळला नाही. वाचकांच्या घरी असे होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

लकवा म्हणजे काय?

मेंदूला सतत रक्त लागते. रक्त पोचवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव झाला, की मेंदूचा तेवढा भाग काम करेनासा होतो. तो भाग ज्या अवयवाचा कारभार पाहतो तो अवयव लुळा पडतो. म्हणजे दोष हातापायात नसतो, मेंदूत असतो. म्हणूनच हातापायाला कितीही तेल चोळले तरी मूळ दुखणे जागच्या जागीच राहते. मोठी वाहिनी बंद झाली तर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही. त्यामुळे या रोगात घड्याळाला फार महत्त्व आहे.

घरच्या घरी करायची तपासणी

शंका आली की रुग्णाला तीन गोष्टी करायला सांगा.

हसा. दात दाखवून हसताना तोंड एका बाजूला वाकडे होते का? चहा किंवा पाणी ओठाच्या एकाच कोपऱ्यातून ओघळते का?

हात उचला. डोळे मिटून दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा आणि दहापर्यंत आकडे मोजा. एक हात खाली घसरतो का?

बोला. स्वतःचे नाव, गावाचे नाव, मुलांची नावे विचारा. जीभ जड होते का? भलतेच शब्द येतात का? आपण बोललेले तिला समजते का?

यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली तरी लकवा समजून चाला. तिन्ही खुणा दिसण्याची वाट पाहू नका. आणि चौथी गोष्ट रुग्णाने नव्हे, घरच्यांनी करायची. ती म्हणजे घड्याळ पाहायचे. त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून ठेवा. रुग्ण झोपेतून उठली तीच लकवा घेऊन, तर रात्री ती धडधाकट असताना तिला शेवटचे कोणी व किती वाजता पाहिले ती वेळ धरा.

याखेरीज आणखी काही खुणा आहेत. एकाएकी एका डोळ्याने दिसेनासे होणे किंवा एकाचे दोन दिसणे. गरगरून तोल जाणे, सरळ चालता न येणे. अर्धे अंग बधिर होणे. आयुष्यात कधी दुखले नाही इतके डोके एकदम दुखणे व सोबत उलट्या. या सर्वांत 'अचानक' हा शब्द महत्त्वाचा. महिनोन्‌महिने हळूहळू होणारी मुंगी किंवा गुडघ्याच्या दुखण्याने मंदावलेली चाल म्हणजे लकवा नव्हे.

स्त्रियांचा लकवा का निसटतो?

पहिले कारण असे की, स्त्रियांमध्ये वर सांगितलेल्या ठळक खुणा असतातच, पण त्यांच्या जोडीला संदिग्ध लक्षणेही पुष्कळदा दिसतात. एकदम गळून जाणे, गुंगी, गोंधळल्यासारखे वागणे, मळमळ, डोकेदुखी. मग घरचे म्हणतात पित्त झाले असेल, उपास लागला असेल, उन्हातून आली, पाळी जायचे वय आहे. डॉक्टरही फसतात. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले की, लकव्याची सुरुवात डॉक्टरांच्या नजरेतून निसटण्याची शक्यता पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे एकतृतीयांशाने जास्त होती. तिकडे ही गत, तर आपल्याकडची कल्पना केलेली बरी.

दुसरे कारण म्हणजे दुखणे अंगावर काढण्याची सवय. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती, तेव्हा शंभरातील ९२ जणींना स्त्रीरोग होता. पण त्याआधी तपासणी व उपचार झाले होते ते शंभरात फक्त ८ जणींचे. तो अभ्यास वेगळ्या रोगांचा होता, पण स्वभाव तोच. आपली बाई आधी घरच्यांना जेवू घालते आणि मग 'जरा पडते' म्हणून कोपऱ्यात आडवी होते. लकव्यात हे पडणेच घातक ठरते. सकाळपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

तिसरे कारण असे की, पाहणारे कोणी नसते. म्हातारी विधवा सासू मागच्या खोलीत एकटी असते. सून बांधीत, नातू शाळेत. ती कधी पडली हे कोणाला सांगता येत नाही. घरातल्या वयस्क बाईशी दिवसातून दोन-तीनदा बोलत जा. निदान तिची वाचा शाबूत आहे एवढे तरी कळेल.

म्हणून स्त्रीच्या रोजच्या कामातील अचानक बदलाकडे लक्ष द्या. भाकर थापणारा हात एकाएकी थांबला. तवा, कळशी हातातून सुटली. लुगड्याच्या निऱ्या घालता येईनात. एका पायातील चप्पल निसटली आणि तिला कळलेच नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या एका बाजूला कलली. मोहफुले वेचताना किंवा तेंदूपत्ता तोडताना सोबतिणीशी असंबद्ध बोलू लागली. अशा वेळी "झोप थोडी" असे म्हणू नका. तिला हसायला, हात उचलायला आणि बोलायला सांगा.

बाळंतीण व तरुण स्त्रिया

लकवा म्हातारपणीच होतो असे नाही. गरोदरपणात, आणि त्याहून जास्त बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. मेंदूतील अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देण्याची चाल आहे. पोट सुटेल, सर्दी होईल अशी भीती असते. वर शेकशेगडीचा घाम. अंगातील पाणी कमी झाले की रक्त आणखी घट्ट होते. वाचकहो, बाळंतिणीला भरपूर पाणी द्या. त्याने काहीही बिघडत नाही.

गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल तर बाळंतपणानंतरही काही आठवडे धोका राहतो. बाळंतिणीचे डोके सतत व वाढत्या प्रमाणात दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एका अंगाची कमजोरी किंवा भ्रमिष्टासारखे बोलणे ही बाहेरची बाधा नव्हे. तिला देवाऱ्याकडे नव्हे, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवे. वेळेवर उपचार झाला तर यातील बहुतेक मुली चांगल्या बऱ्या होतात.

तरुण स्त्रीला लकवा झाला तर हृदयाची तपासणी अवश्य करावी. लहानपणी सांधे सुजून ताप येतो व पुढे हृदयाची झडप अरुंद होते, हा आजार स्त्रियांत जास्त दिसतो. काम करताना दम लागणे व छातीत धडधड ही त्याची खूण. अशा हृदयात गुठळी तयार होऊन ती मेंदूकडे जाते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल पुष्कळ आहे. सिकलसेलग्रस्त मुलामुलींना अगदी लहान वयातही लकवा होऊ शकतो. तसेच ज्यांना रक्तदाब आहे, ज्या तंबाखू घेतात किंवा ज्यांना अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसतात, त्यांनी पाळणा लांबवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

काय करावे?

प्रथम १०८ क्रमांकावर फोन करा व 'लकव्याचा रुग्ण आहे, इतक्या वाजता सुरू झाला' असे स्पष्ट सांगा. रुग्णाला कुशीवर निजवा, म्हणजे लाळ वा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. मधुमेह असेल तर आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रात लगेच साखर तपासून घ्या, कारण साखर फार उतरली तरी लकव्यासारखी लक्षणे दिसतात. चालू गोळ्यांची पाकिटे, जुने कागद, आधारकार्ड व रेशनकार्ड सोबत घ्या. त्रास सुरू होताना ज्याने पाहिले त्या माणसाला बरोबर न्या.

कोठे न्यायचे हे आधीच ठरलेले असावे. लकवा गुठळीचा की रक्तस्रावाचा हे नुसते पाहून कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका गुण जास्त. म्हणून निघतानाच फोनवर दोन प्रश्न विचारा: तुमच्याकडे आता सीटी स्कॅन चालू आहे का? गुठळीचे इंजेक्शन मिळेल का?

आपल्या भागातील अंतरे लक्षात घ्या. गडचिरोलीहून चंद्रपूर सुमारे ८० किलोमीटर आणि नागपूर सुमारे पावणेदोनशे. भामरागडहून गडचिरोली गाठायलाच सुमारे पावणेदोनशे किलोमीटर रस्ता. पर्लकोटेच्या पुराने तो किती पावसाळ्यांत तोडला हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. साडेचार तासांतील तीन-साडेतीन तास रस्ताच खातो. उरलेल्या तासाभरात 'थोडे थांबून पाहू' याला जागा कुठे आहे?

मात्र वेळ टळली म्हणून रुग्णाला घरी ठेवू नका. निवडक रुग्णांत मोठ्या शहरी २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते. आणि तेही शक्य नसले तरी गिळण्याची काळजी, न्यूमोनिया टाळणे, रक्तदाब सांभाळणे व व्यायामोपचार यांनी जीव वाचतो आणि अपंगत्व कमी होते. दुर्गम भागातून थेट मोठे रुग्णालय गाठता येत नसेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात तरी लगेच दाखवा.

काय करू नये?

तोंडात पाणी, दूध, काढा काहीही घालू नका. घसा लुळा असतो व ते फुप्फुसात जाते. कांदा, चप्पल हुंगवणे, नाकात तेल घालणे हे सारे व्यर्थ. रक्तदाब एकदम उतरवण्यासाठी जिभेखाली गोळी देऊ नका. पूर्वी आम्ही डॉक्टरही तसे करत असू, पण त्याने मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो असे पुढे कळले. स्कॅन होण्याआधी ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ते विष ठरेल.

"पण आमच्या गावचा वैदू लकवा बरा करतो"

हे मला दर महिन्याला ऐकावे लागते. यात खोटे बोलत कोणी नसते, पण समजण्यात चूक असते. दोन आजार आपोआप बरे होतात. एक म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा. यात तोंड वाकडे होते, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळाला आठी पडत नाही, पण हातपाय व बोलण्यातले शब्द ठीक असतात. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत सुधारतो. दुसरा म्हणजे तात्पुरता लकवा. गुठळी अडकते आणि लगेच विरघळते, आणि काही मिनिटांत सर्व पूर्ववत होते. हे दोन्ही जडीबुटी दिली तरी बरे होतात, न दिली तरी होतात. श्रेय मात्र जडीबुटीला मिळते. मग खरा लकवा आला की लोक त्याच दारात जातात आणि साडेचार तास तिथेच संपतात. घरी बसून चेहऱ्याचा लकवा कोणता आणि मेंदूचा कोणता हे ठरवत बसू नका. ते काम डॉक्टरांचे.

त्या तात्पुरत्या लकव्याकडे परत येतो, कारण रोवणी करणाऱ्या त्या बाईला सकाळी तोच झाला होता. असा इशारा मिळालेल्या दहांतील सुमारे एकाला, उपचार न झाल्यास, तीन महिन्यांत मोठा लकवा होतो, आणि त्यांतील निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच. उलट त्याच दिवशी उपचार सुरू झाले तर हा धोका पुष्कळ कमी करता येतो. म्हणून 'आता बरे वाटते' ही घरी राहण्याची सबब नव्हे. बरे वाटते आहे तोवरच रुग्णालय गाठायचे असते.

लकवा टाळता येतो

सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो दुखत नाही. तिशीनंतर प्रत्येक स्त्रीने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. ही सोय सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब पुन्हा पुन्हा आढळला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी व बरे वाटले म्हणून बंद करू नये. नवऱ्याची गोळी रोज आठवणीने देणारी पत्नी स्वतःची गोळी पैसे वाचवायला एक दिवसाआड घेते, हे मी कितीदा पाहिले आहे! लोणचे, पापड, खारवलेली सुकी मासळी यांचे प्रमाण कमी करा. आणि खर्रा सोडा. आपल्याकडे बायाही खर्रा व तंबाखूची मिसरी सर्रास घेतात. तंबाखू ओढली काय नि चघळली काय, रक्तवाहिन्यांना ती सारखीच शत्रू.

आता एक विनंती. हा लेख वाचून झाल्यावर घरातील सर्वांना, शाळेत जाणाऱ्या मुलांनासुद्धा, 'हसा, हात उचला, बोला आणि घड्याळ पाहा' हे चार शब्दप्रयोग पाठ करायला लावा. १०८ क्रमांक व जवळच्या रुग्णालयाचा फोन भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. आई, सासू, बायको, बहीण यांच्यापैकी कोणी एकाएकी काम टाकून "काही नाही, थकवा असन" म्हणाली, तर तिच्या शब्दावर विसंबू नका. मी एकदा विसंबलो होतो.